काचेच्या घरातील शेजारी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले अकोट हे आमचे गाव. उत्तरेकडे पाहावे, तर नरनाळा किल्ल्याचा डोंगर निळसर दिसतो. दक्षिणेकडे पाहावे, तर काळ्याभोर जमिनीत कपाशीची शेते दूरवर पसरलेली असतात. नदीनाले आहेत, परंतु पावसाळा सरला की त्यांतील बहुतेकांचे पात्र कोरडे पडते. अशा गावातील मुलांना पाण्याचे आणि पाण्यातील जीवांचे वेड असावे, यात नवल ते काय?

मी सहाव्या इयत्तेत होतो, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीला मामा आले, ते एक काचेची पेटी घेऊनच. पेटीची लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३० आणि उंची ३०. मामांनी तेथल्या तेथे माझी परीक्षा घेतली. "सांग पाहू, हिच्यात पाणी किती मावेल?" मी गुणाकार केला : ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. "शाबास! पण तळाला रेती येईल, वर थोडी जागा मोकळी राहील. म्हणजे खरे पाणी ४५ लिटरच समज. आणि हे बघ, मासे आणण्याची घाई करू नकोस. आधी जाणत्या माणसाला विचार."

मामा परत गेले. त्यांचा उपदेशही त्यांच्याबरोबरच गेला म्हणावा लागेल! कारण पुढच्याच रविवारी बाबा अकोल्यास निघाले, तेव्हा मी आणि माझी धाकटी बहीण हट्ट करून त्यांच्याबरोबर निघालो. त्या काळी अकोट-अकोला मार्गावर मीटरमापी रेल्वे धावत असे. डब्याच्या खिडकीतून पूर्णा नदीचे पात्र दिसले, तेव्हा आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे नुसते मासेच पोहत होते.

दुकानात भिंतीलगत काचेच्या पेट्यांची रांग होती. प्रत्येक पेटीत एकेका जातीचेच मासे होते. एका फळीवर तर लहान लहान बरण्या मांडल्या होत्या आणि दर बरणीत एकच मासा होता. ते असे वेगवेगळे का ठेवले असावेत, हा प्रश्न आमच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आम्ही रंग पाहत होतो. बहिणीने दोन सोनमासे निवडले. मी निळ्या-तांबड्या रेघेचे चार नियॉन टेट्रा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले चार टायगर बार्ब, पंखासारखे लांब पर असलेला एक एंजल आणि बरणीतील दोन फायटर घेतले. असे तेरा मासे झाले. घरी पोचताच आम्ही विहिरीचे पाणी पेटीत भरले आणि एकामागून एक साऱ्या पिशव्या तिच्यात रित्या केल्या. शेजारपाजारची मुले पाहायला जमली. त्या संध्याकाळी आमच्यासारखे भाग्यवान आम्हीच!

आमचे ते भाग्य मात्र रात्रीपुरतेच टिकले. सकाळी पाहतो, तो दोन फायटरांपैकी एक मासा निपचित पडलेला. त्याचे रेशमासारखे कल्ले आणि शेपूट यांच्या चिंध्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चारांतील एक नियॉन दिसेना. तिसऱ्या दिवशी आणखी दोन दिसेनासे झाले. पेटीवर तर झाकण होते, मग ते गेले कोठे? चौथ्या दिवशी उरलेला नियॉन एंजलच्या तोंडात शिरताना बहिणीने स्वतः पाहिला. तो एंजलही सुखात नव्हता. टायगर बार्ब त्याच्या लांब परांचे लचके तोडत. उरलेल्या फायटरचेही त्यांनी तसेच हाल केले. सातव्या दिवशी पाणी दुधट झाले. सोनमासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडीत आणि मिटीत. आठव्या दिवशी आम्ही मोजले : तेरांपैकी पाच मासे उरले होते.

मेलेले मासे आम्ही परसात जास्वंदीच्या बुडाशी पुरले. मला वाईट वाटत होते; पण त्याहून अधिक वाटत होती ती शरम. बहीण बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "दादा, नदीत मासे भांडले, तर हरलेला मासा पळून जात असेल ना? आपल्या माशांना पळायला जागा कुठे होती?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी विज्ञानाच्या गुरुजींना सारी हकीकत सांगितली. वाटले होते, गुरुजी रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी वर्गात जगाचा नकाशा टांगला आणि मला छडी हाती देऊन म्हणाले, "तुझे मासे मूळचे कोठले, ते आपण पाहू. सोनमासा चीनचा. फायटर थायलंडकडचा. टायगर बार्ब सुमात्रा बेटाकडचा. नियॉन टेट्रा आणि एंजल दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. चार मुलखांचे पाहुणे तू एका रात्रीत ४५ लिटर पाण्यात कोंडलेस. कोणाचे पाणी कसले, कोणाचा आहार काय, कोणाचा स्वभाव कसा, याची चौकशी केली होतीस काय?"

"नाही, गुरुजी."

"मग आता करू. मासा पेटीत सोडण्यापूर्वी पाच प्रश्न विचारायचे असतात. लिहून घे."

पहिला प्रश्न पाण्याचा. गुरुजींनी मला दोन बाटल्या आणायला सांगितल्या : एक डोंगराकडच्या गावातील पाण्याची आणि दुसरी पूर्णाकाठी माझ्या आत्याच्या गावच्या विहिरीतील पाण्याची. दोहोंत साबणाचे सारखेच तुकडे टाकून त्यांनी बाटल्या खळखळून हलविल्या. पहिल्या बाटलीत भरपूर फेस झाला. दुसरीत मात्र नुसता गदळ साका तयार झाला. "पूर्णेच्या दोन्ही काठांना मैलोगणती पसरलेला हा आपला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत त्याचा विस्तार आहे. येथील भूजलात क्षार फार. म्हणूनच तुझ्या आत्याच्या घरी विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही. ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येतो, ते सुफेन पाणी. ज्यात येत नाही, ते दुष्फेन पाणी. नियॉन टेट्रा हा सुफेन, किंचित आम्ल पाण्यात वाढलेला जीव. आपले विहिरीचे पाणी त्याला मानवणे कठीण. उलट गप्पी आणि मॉली हे मासे दुष्फेन पाण्यात, किंबहुना थोड्याशा खारट पाण्यातही, आनंदाने राहतात. आपल्याला आवडणारा मासा आणून त्याच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा, आपल्या पाण्याला आवडणारा मासा आणावा."

दुसरा प्रश्न उष्णतेचा. सोनमासा गार पाण्यात सुखी असतो. फायटरला २५ ते २८ अंशांची ऊब लागते. दोघांना एकत्र ठेवले, तर एकाला तरी दुःख ठरलेलेच. शिवाय आपल्या वऱ्हाडात वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. पाणी जितके तापते, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. त्यात वीज गेली आणि हवा सोडणारा पंप बंद पडला, तर दाटीवाटीने ठेवलेल्या माशांचा जीव घाबरा होतो. यास्तव आपल्याकडे पेटीत मासे नेहमी मोजकेच ठेवावेत.

तिसरा प्रश्न तोंडाचा. हा प्रश्न ऐकून वर्गात हशा पिकला. गुरुजी म्हणाले, "हसू नका. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो त्याचा शेजारी नव्हे. तो त्याचा घास! नियॉन आणि एंजल हे एकाच खोऱ्यातले, म्हणून त्यांचे जमेल असे कोणालाही वाटेल. परंतु नियॉन बोटाच्या दोन पेरांहून लहान, तर एंजल वाढून तळहाताएवढा होतो. एका गावचे असणे पुरेसे नाही. आणि मासा आज केवढा आहे, हे पाहून भागत नाही. तो पुढे केवढा होईल, हे पाहावे लागते. बरणीतला सोनमासा वीतभर वाढतो, हे किती जणांना ठाऊक आहे?"

चौथा प्रश्न स्वभावाचा. फायटर नर दुसऱ्या फायटर नराला पाहताच कल्ले फुगवून चालून जातो. नदीकाठच्या दलदलीत हरलेला नर निसटून जातो. पेटीत तो चारी भिंतींवर आपटतो आणि अखेर मारला जातो. म्हणूनच दुकानात प्रत्येक फायटर वेगळ्या बरणीत होता. टायगर बार्ब हा मासा थव्याने राहणारा. सहा-आठांचा थवा असला, म्हणजे ते आपापसांत पाठशिवणी खेळतात आणि इतरांच्या वाटेस कमी जातात. थवा लहान असला, की त्यांचा सारा चळवळेपणा शेजाऱ्यावर उतरतो. लांब आणि संथ परांचा मासा त्यांच्याजवळ ठेवणे, म्हणजे त्याला शिक्षा देणेच होय.

येथवर सांगून गुरुजी थांबले. "पाचवा प्रश्न मी सांगणार नाही. तो तुम्हांला दुसरेच कोणी तरी सांगेल."

पुढच्या रविवारी गुरुजी आम्हां सात-आठ मुलांना सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तलावावर घेऊन गेले. बहीणही हट्टाने बरोबर आली. काठावर एक वृद्ध भोईबाबा जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी आम्हांला तीन मासे दाखविले : कटला, रोहू आणि मृगळ. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले होते, मृगळाचे खालच्या बाजूला आणि रोहूचे या दोहोंच्या मधले. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघांचे ताट निराळे, म्हणून एका तलावात तिघेही भांडणावाचून वाढतात आणि तलावातील कोणताच थर वाया जात नाही. बीज सोडण्यापूर्वी मरळीसारखे मासेखाऊ मासे मात्र आधी काढून टाकावे लागतात. कोणत्याही पुस्तकाचे पान न उलटता भोईबाबांना हे शास्त्र मुखोद्गत होते.

गुरुजींनी आमच्या तेरा माशांची कथा त्यांच्या कानी घातली. भोईबाबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरा, सोयरीक जमवाच्या आंधी आपन घर पायतो, मानसं पायतो. मंग मासोयीची सोयरीक न पायता कायले जमवली?"

सारे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनात रुतून बसले.

पाचवा प्रश्न आता आम्हांला न सांगता कळला होता. तो होता जागेचा. वर पोहणारे, मध्ये पोहणारे आणि तळाशी राहणारे असे निरनिराळ्या थरांतील जीव निवडले, म्हणजे लहान पेटीही ऐसपैस होते.

परतताना गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी एका मोठ्या काचपात्रात सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, हा त्यांचा अंदाज होता. तो खराही ठरला. परंतु काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी त्या पात्रात पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाऊन टाकली, पाणी निवळले आणि गोगलगायींची अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. १८५० साली वॉरिंग्टन यांनी आपला हा प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. आपल्या मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. "पाहा," गुरुजी म्हणाले, "वॉरिंग्टन यांनी शेजारी निवडताना रूप पाहिले नाही. कोण कोणाच्या उपयोगी पडतो, ते पाहिले. गोगलगाय काही देखणी नव्हे!"

आता आम्ही नव्याने आरंभ केला. पहिला प्रश्न उरलेल्या पाच माशांचा होता. एका मित्राने सुचविले, "नदीत सोडून द्या, ते बिचारे मोकळे होतील." गुरुजींनी त्याला लगेच अडविले. परमुलखातील मासा आपल्या पाण्यात सोडला, तर एक तर तो मरतो, नाही तर माजतो. हौसेने पाळलेला सकर मासा असाच कोणी कोणी सोडून दिला आणि आज तो भारतातील अनेक जलाशयांत पसरून भोयांची जाळी फाडतो आहे. त्यामुळे आमचा सोनमासा शाळेच्या आवारातील निंबाखालच्या मोठ्या हौदात गेला. चार टायगर बार्ब गुरुजींच्या एका स्नेह्यांकडे गेले. त्यांच्याकडील भल्या मोठ्या पेटीत ते आपल्या जातभाईंच्या थव्यात सामील झाले.

रिकामी पेटी आम्ही धुतली. तळाला रेती पसरली, पाणवनस्पती लावल्या, पाणी भरले आणि पाच आठवडे एकही मासा आणला नाही. नव्या पेटीचे पाणी दुधट का होते, हे आता आम्हांला कळले होते. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया नावाचे विषारी द्रव्य तयार होते. रेतीत राहणारे सूक्ष्म जंतू प्रथम त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र पुष्कळच निरुपद्रवी असते आणि वनस्पती ते शोषून घेतात. या उपकारक जंतूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही शाळेच्या हौदातील मूठभर रेती आणून पेटीत टाकली आणि जंतूंसाठी रोज खाद्याची लहानशी चिमूट पाण्यात सोडू लागलो. मासे नसलेल्या पेटीला खाऊ घालणारी मुले पाहून शेजारी हसत. हसोत बापडे! पेटीतील सर्वांत पहिले शेजारी म्हणजे हे न दिसणारे जंतूच होत, हे त्यांना कोठे ठाऊक होते?

मग आम्ही मासे निवडले. पाच प्रश्नांची पाच घरे आखून मी वहीत तक्ता केला. वरच्या थरासाठी गप्पी ठरले. हा मासा मूळचा त्रिनिदाद बेट आणि त्याच्या आसपासचा. १८६६ साली रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी यांनी त्याचे नमुने त्रिनिदादहून लंडनला पाठविले, म्हणून हे नाव. डासांच्या अळ्या खातो, यासाठी आरोग्य खाते तो हौदांत आणि टाक्यांत सोडते. आणि गंमत पाहा : ज्या माशासाठी आम्ही अकोल्याला धावलो असतो, तो आम्हांला गावातच, आरोग्य खात्याच्या हौदातून, फुकट मिळाला! गप्पीची पैदास फार झपाट्याने होते. म्हणून गुरुजींनी पाचही नरच निवडून दिले. नर लहान आणि रंगीत. मादी मोठी आणि करडी. ओळखणे सोपे होते. नदीनाल्यात मात्र गप्पी कधीही सोडू नयेत, हेही त्यांनी बजावले.

मधल्या थरासाठी झेब्रा मासे घेतले. निळ्या आणि रुपेरी पट्ट्यांचा हा बोटभरही नसलेला मासा आपल्याच देशातील ओढ्यांचा आणि भातखाचरांचा रहिवासी. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याचे वर्णन केले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात. कारण माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांचे जोडीदार या माशात सापडतात, असे २०१३ साली दिसून आले. तो थंडी आणि उष्मा दोन्ही सोसतो. एकटादुकटा ठेवला तर दुसऱ्यांचा पाठलाग करतो, पण थव्यात आपल्याच खेळात दंग असतो. म्हणून आम्ही सहा झेब्रा आणले. तळासाठी वॉरिंग्टन यांची युक्ती आठवून चार पाणगोगलगायी ठेवल्या. अकरा मासे आणि चार गोगलगायी : एवढीच आमच्या पेटीची लोकसंख्या.

या खेपेस आम्ही घाई केली नाही. नवे मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवले. रोगी कोणी नाही, अशी खात्री झाल्यावर पिशवीत घेऊन पेटीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवले आणि हळूहळू पिशवीत पेटीचे पाणी मिसळून मग त्यांना सोडले. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे, नळाचे पाणी असेल तर ते एक दिवस उघडे ठेवून मगच घालायचे, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच खाद्य द्यायचे, असे नियम आम्ही भिंतीवर लिहून लावले.

सारी तयारी झाली, तेव्हा बहीण परसात गेली आणि एक फुटके मडके घेऊन आली. ते स्वच्छ धुऊन तिने पेटीच्या एका कोपऱ्यात आडवे ठेवले आणि त्याभोवती रोपे लावली. मी विचारले, "हे कशाला ग? पेटीची शोभा जाईल ना!" ती काही बोलली नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही पेटीपुढे बसलो होतो. एक झेब्रा एका गप्पीच्या मागे लागला. गप्पी वळला, रोपांतून निसटला आणि मडक्याच्या अंधारात शिरला. झेब्रा क्षणभर घुटमळला आणि आपल्या थव्यात परत गेला. थोड्या वेळाने गप्पी बाहेर आला आणि जणू काही घडलेच नाही, असा शेपटी हलवीत वर निघाला.

"दादा," बहीण म्हणाली, "आता पळायला जागा आहे."

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. दुपारी आम्ही पेटीभोवती ओला पंचा गुंडाळीत असू आणि वीज गेली की वाटीने पाणी वरून पुन्हा पेटीत सोडीत असू. अकरांपैकी दहा माशांनी पावसाळा पाहिला.

पुढे पुष्कळ वर्षे गेली. आजही कोणाच्या घरी रंगीत माशांची पेटी दिसली, की मी आधी मासे मोजतो आणि मग त्यांना दडायला जागा आहे का, ते पाहतो. नदीतील मासा आपला शेजारी आपण निवडतो; न पटला तर दूर जातो. पेटीतील माशाला ती मुभा नसते. त्याचा शेजारी आपण निवडतो, त्याचे पाणी आपण भरतो, त्याची भिंत आपण उभी करतो. म्हणून त्याच्या सुखदुःखाचा भारही आपल्यावरच असतो. जो दुसऱ्यासाठी घर बांधतो, त्याने त्या घरात राहून पाहिल्याप्रमाणे विचार केला पाहिजे. हे मला आठ माशांनी शिकविले. शिकवणीचे मोल मात्र त्यांनीच दिले.

शब्दार्थ

मुखोद्गत : तोंडपाठ. सोयरीक : लग्नसंबंध. सुफेन पाणी : साबणाला सहज फेस येणारे पाणी. दुष्फेन पाणी : साबणाला फेस न येणारे पाणी. गदळ : गढूळ, मळकट. यास्तव : या कारणाने. किंबहुना : इतकेच नव्हे तर. मुभा : मोकळीक.

स्वाध्याय

१. एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुकानात प्रत्येक फायटर वेगळ्या बरणीत का ठेवला होता?
(आ) पाच आठवडे पेटीत मासे का सोडले नाहीत?
(इ) कटला, रोहू आणि मृगळ हे एकाच तलावात भांडणावाचून कसे वाढतात?

२. मासा निवडताना विचारावयाचे पाच प्रश्न तुमच्या शब्दांत लिहा.

३. कारणे द्या.
(अ) पाळलेले मासे नदीत सोडू नयेत.
(आ) वऱ्हाडातील उन्हाळ्यात पेटीत मासे मोजकेच असावेत.

४. 'एका गावचे असणे पुरेसे नाही,' असे गुरुजी का म्हणाले?

५. भोईबाबांचे वाक्य प्रमाण भाषेत लिहा. तुमच्या भागातील बोलीत ते कसे म्हणतील, तेही लिहा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मनाला न शिवणे, हशा पिकणे, कानी घालणे, जीव घाबरा होणे.

७. उपक्रम : तुमच्या घरच्या आणि शाळेच्या पाण्यावर साबणाचा प्रयोग करून पाहा. कोणते पाणी सुफेन आणि कोणते दुष्फेन, याची नोंद वहीत करा.